एकेचाळीस डोळे

८ ऑक्टोबर १९५८, कट्टा

शाळेतून येऊन चपला काढायच्या आधी ही वही उघडली आहे. घरमालकीण राधाबाई आतून विचारताहेत, "चाय व्हयी काय गो?" हवी आहे, पण आधी राग कागदावर उतरू दे.

रत्नागिरीच्या कचेरीतून पत्र आलं. हेडसरांनी ते सगळ्या शिक्षकांसमोर वाचलं आणि वाचताना फक्त माझ्याकडे बघितलं. फेब्रुवारीत तपासणीला साहेब येणार. आमच्या शास्त्राच्या वर्गाची मान्यता तात्पुरती आहे. ती कायम करायची की जूनपासून वर्ग बंद करायचा, हे ते ठरवणार. उपकरणं, भिंतीवरचे तक्ते आणि विद्यार्थ्यांचं आकलन, एवढं बघणार. उपकरणं म्हणजे माझा एकुलता एक सूक्ष्मदर्शक, कोल्हापूरच्या माझ्या कॉलेजाने जुना झाला म्हणून दिलेला. तक्ता एकही नाही. मुंबईहून छापील मागवायचे तर एप्रिल उजाडेल असं उत्तर आलंय. आणि आकलनाचं म्हणाल तर आज नववीतल्या बाळाने 'पाण्यातले शेवाळ' म्हणून सुरेख चित्र काढलं. बारीक, वाकडे, काळे दोरे. मी शाबासकी देणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की भिंगाला डोळा लावून तो स्वतःच्याच पापण्या बघत होता.

वर्ग बंद झाला तर दोघींचं वाटोळं होईल. एक शेवंती. नववीत आहे, हुशार आहे, तिला नर्स व्हायचंय. तिच्या बापाने साफ सांगितलंय की इथे गावात, कट्ट्यात शास्त्र असेल तोवर शिक, मालवणच्या शाळेत पाठवणार नाही. दुसरी मी. भाईंशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, माझा करार झालाय. वर्ग कायम झाला तर मी नोकरीत राहायचं, नाही झाला तर वैशाखात मुंबईच्या त्या स्थळाशी लग्न. स्थळ वाईट नाही. फोटोत चांगला दिसतो. पण फोटोत मीसुद्धा चांगली दिसते.

१४ ऑक्टोबर

आज कांदा जमला. राधाबाईंच्या आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, तो चिरला, पाकळीचा आतला पापुद्रा नखाने सोलला, दवाखान्यातून मागून आणलेल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला आणि शाळेच्या पूर्वेच्या व्हरांड्यात आरशावर ऊन धरलं. शेवंतीने डोळा लावला आणि शुद्ध बोलायचं विसरून म्हणाली, "बाई, ह्यो तर चिऱ्यांचो गडगो."

खरंच तसं दिसतं. एकाला एक लागून चिरे रचावेत तशा पेशी. मी सांगितलं, की प्रत्येक चिरा म्हणजे एक खोली. तिला भिंत आहे, आत जीवरस आहे आणि तो पिवळा ठिपका म्हणजे केंद्रक, घरचा कर्ता. शेवंतीने विचारलं की कर्ता मधोमध का नाही, कडेला सरकून का बसलाय. मी म्हटलं, वनस्पतीच्या पेशीत मधली जागा पाण्याच्या मोठ्या पिशवीने अडवलेली असते, म्हणून तो कडेला. तिने मान डोलावली. एवढ्याशा मान डोलावण्याने माझा दिवस सोन्याचा झाला. हेडसरांनीही बघितलं आणि "छान. कांदाच आहे ना?" असं विचारून ते गेले.

१९ ऑक्टोबर, रविवार

राधाबाई म्हणाल्या, "तक्ते व्हये तर पिंगुळीक जा. थंय धोंडू आसा. तो चितारता." म्हणून सकाळच्या गाडीने पिंगुळीला गेले.

धोंडूकाका ठाकर समाजातले, पन्नाशीचे, काटकुळे. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी. चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि वीणेवर कथा सांगायची. लाल फडक्यात बांधलेली ती जुनी चित्रं त्यांनी मला उघडून दाखवली. सगळी माणसं एका बाजूला तोंड करून उभी आणि प्रत्येकाचा डोळा हा एवढा मोठा. आधी सावंतवाडीपर्यंत बोलावणी यायची म्हणाले. आता वर्षातून एकदा आलं तर आलं.

मी पुस्तकातली आकृती पुढे केली. त्यांनी ती उलटी धरली, सुलटी धरली आणि विचारलं, "गोष्ट खंयची?"

"गोष्ट नाय, काकानू. ही पेशी आसा. फक्त काढूची."

"गोष्ट नाय तर लोक बघतले कित्याक?"

मला राग आला. म्हटलं, साहेब बघणार आहेत आणि त्यांना गोष्ट नको आहे. त्यावर ते म्हणाले, "काडतंय. पण पयला माका ती वस्तू बघूक व्हयी. न बघता काडूचा पाप माका नको."

पुस्तकात आकृती छापलेली असताना वस्तू कशाला बघायची? पण नमतं घेतलं. गरज मला आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

धोंडूकाका आले. कट्ट्यात त्यांची बहीण दिली आहे, तिच्याकडे तीन दिवस राहणार. आधी कांदा दाखवला, मग पेरूचं पान, त्यातले हरितद्रव्याचे हिरवे दाणे. ते नुसते "हं" म्हणत होते. मग मी नारळाच्या हिराची काडी त्यांच्या हातात दिली आणि गाल आतून हलकेच खरवडायला सांगितलं. काचेवर घेतलं, निळ्या शाईचा थेंब टाकला.

ते बघत राहिले, आणि मग बघतच राहिले. शेवटी म्हणाले, "ह्यो कोण?"

"तुमीच. तुमच्या गालाच्या आतली कातडी."

"मी?" त्यांनी गालावर हात ठेवला. "माज्या तोंडात इतके जण?"

ऊन सरकलं तसा सूक्ष्मदर्शक उचलून त्यांनी तीनदा जागा बदलली, जेवायची वेळ टळली तरी उठले नाहीत. मी समजावलं, की सगळ्यांच्याच गालात अशा पेशी असतात, त्यात विशेष काही नाही. त्यांना ते फारसं कळलं नसावं.

४ नोव्हेंबर

धोंडूकाकांनी मला भंडावून सोडलं. काढायची आहे आकृती, आणि हे विचारतात, "ह्येचो वैरी कोण? ही दुकता तेवा काय करता? गालातल्या पेशीक भित नाय, ती कित्याक?" मी म्हटलं, झाड एका जागी उभं असतं, त्याला भिंतीचा आधार लागतो. प्राण्याला हलायचं असतं, भिंत घेऊन कसं हलणार? यावर ते खूश होऊन मांडीवर थाप मारून म्हणाले, "भित असती तर धावतलो कसो?" आणि हे वाक्य त्यांनी चार वेळा वेगवेगळ्या सुरात म्हणून बघितलं. वेळ कसा घालवावा हे या माणसाला सांगावं लागत नाही.

मग पेशीचं विभाजन सांगितलं. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. ते म्हणाले, "दोन चेडवां झाली. मगे आवस खंय गेली?"

"मुली झाल्या की आई नाही राहत."

"मेली?"

मेली कशी म्हणू? मढं कुठे आहे? कॉलेजच्या चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता. शेवटी म्हटलं, "मरना नाय. दोगींत वाटान जाता." काकांचे डोळे भरून आले. कशाने ते कळलं नाही. त्यांची आई मागच्या साली वारल्याचं राधाबाई म्हणत होत्या, पण त्याचा इथे काय संबंध?

१३ नोव्हेंबर, तोंडवली

दिवाळीसाठी घरी आलेय. भाई पूर्वी गलबतावर होते. आता ओसरीवर बसून खाडीकडे बघतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाऱ्याची दिशा सांगतात. माझ्या लग्नाचा विषय त्यांनी फराळापर्यंत दम धरून ठेवला, हे त्यांच्या मानाने खूपच झालं.

आज धोंडूकाका न बोलावता हजर. अन्नसाखळीचं चित्र काढायचं तर खाडी बघायला हवी म्हणे. नेलं. ओहोटीच्या चिखलात उभी राहून मी सगळं सांगितलं. कांदळाची पानं उन्हावर अन्न तयार करतात. ती पडतात, चिखलात कुजतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव ती कुजवतात. तो कुजका माल सुंगटं आणि कुर्ल्या, म्हणजे कोळंबी-खेकडे, खातात, त्यांना तांबोशी मासळी खाते, तांबोशीला घार उचलते. एक घार वर फिरतच होती, मी बोट दाखवलं.

"आणि घारीक कोण खाता?" काका.

"कोणी नाही. ती शेवटची कडी."

"मरना नाय ती?"

"मरते. मग पडते, कुजते..." म्हणता म्हणता माझं बोट खाली चिखलाकडे आलं.

काका चिखलाकडे बघून हसले. "मगे शेवटची कशी? ही साखळी न्हय, बाय. ह्यो फेर आसा."

पुस्तकात साखळी म्हटलंय आणि आत्तापर्यंत मीही तीच शिकवली. चिखलात पोटरीपर्यंत रुतलेली असताना आपली चूक कळणं फार अपमानाचं असतं, कारण तिथून तरातरा निघूनही जाता येत नाही. पण मला हसू फुटलं. घरी भाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, दोघांनी करंज्या खाल्ल्या, आणि लहानपणी देवळात ऐकलेल्या कथा भाई त्यांना सांगत बसले. ज्याचा धंदा कथा सांगायचा तो निमूट ऐकत होता.

२१ डिसेंबर, रविवार

हे रागानेच लिहितेय.

चित्रं आली. सहा मोठी चित्रं, घोटलेल्या कागदावर. पहिलं उघडलं. कांद्याची पेशी, लाल चिऱ्याची भिंत, आत निळं पाणी. असा रंग मी छापील तक्त्यात कधी बघितला नाही. आणि कडेला, जिथे केंद्रक हवं तिथे, डोळा. काळं बुबुळ, भोवती पांढरं, वर भुवईसारखी रेघ. दुसरं उघडलं, गालाची पेशी, त्यात डोळा. पानाच्या पेशीत डोळा. विभाजनाच्या चित्रात एका डोळ्याचे दोन. खाडीच्या चित्रात कांदळापासून घारीपर्यंत प्रत्येकाच्या अंगात बारक्या पेशी आणि प्रत्येक पेशीत डोळा.

"तुमी ह्या काय केल्यात?"

"डोळो घातलंय. सगळा चित्र झाल्यावर शेवटाक घालूचो, नारळ फोडून. तवसर चित्र बोलना नाय."

"ह्येका बोलूचा नाय. साहेब हसतले. वर्ग बंद जातलो, त्या शेवंतीची शाळा बंद जातली. काढा ते डोळे."

"एकदा उघडलेलो डोळो मिटूक येना नाय, बाय." ते शांतपणे म्हणाले. "आणि तुमीच दाखवलात ताच मिया काडलंय. मधी ठिपको, भोवती गोल. माज्याच तोंडात बघलंय मिया."

मी आवाज चढवला. एवढी शिकलेली मी, एका वडीलधाऱ्या माणसावर ओरडले, तेसुद्धा राधाबाईंच्या ओसरीवर, रस्त्याने जाणारे बघत असताना. चित्रं तिथेच ठेवून त्यांनी रिकामं फडकं घडी करून काखेत घेतलं आणि ते गेले. चहा अर्धा तसाच राहिला. राधाबाईंनी तो कप माझ्यासमोर आणून ठेवला.

२३ डिसेंबर

तोड सापडली. पांढऱ्या कागदाचे गोल तुकडे कापले, तांदळाची खळ केली आणि एकेक डोळा झाकला. मोजले, एकूण एकेचाळीस. आता चित्रं सभ्य दिसतात. शेवंती शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाई, हे आता झोपले?" मी म्हटलं, "साहेब येऊन जाईपर्यंत." मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

९ जानेवारी १९५९

पाठांतर चाललंय. "पेशी म्हणजे काय?" "पेशी हा सजीवांच्या रचनेचा व कार्याचा मूलभूत घटक होय." सगळा वर्ग एका दमात म्हणतो. मी मध्येच विचारलं, "होय म्हणजे काय रे बाळा?" तो म्हणाला, "होय म्हणजे होय, बाई." काय करू या पोरांचं?

१७ जानेवारी

गंमत झाली. राधाबाई बाजार करून आल्या, आडाळ्यावर बसल्या आणि कांद्याला म्हणाल्या, "चल, तुजी भित फोडतंय." मग माझ्याकडे वळून, "गो, माज्या गालात किती डोळे असतले?" मी चाटच पडले. मी घरी कधी हा विषय काढला नाही, पण शिकवण्याचा परिणाम कुठून कुठे पोचतो बघा. शेवटी इतकी वाईट शिक्षिका नाही मी.

डोळे नव्हेत, केंद्रकं म्हणायचं, अशी दुरुस्ती केली. त्या म्हणाल्या, "तूच म्हण."

२४ जानेवारी

बाजाराचा दिवस. पोस्टातून येताना एस.टी.च्या थांब्यापाशी पिंपळाखाली ही गर्दी. धोंडूकाकांची वीणा ऐकू येत होती आणि मध्येच सगळे एका सुरात विचारत होते, "मगे काय झाला?" माणसांच्या डोक्यांमुळे चित्र काही दिसलं नाही. जुनी कुठलीतरी राक्षसाची कथा असणार. काकांना पुन्हा ऐकणारे मिळाले याचा मनापासून आनंद झाला. वाटलं, पुढे जावं आणि सरळ म्हणावं की माझं चुकलं. पाऊल उचललं, तर सगळ्यात पुढे कोण? माझी नववी. तपासणी तीन आठवड्यांवर आणि ही मंडळी मांडी ठोकून कथा ऐकताहेत, शेवंतीसुद्धा. डोकं फिरलं. क्षमा राहिली, मी तशीच घरी आले.

आता वर्गाला दुप्पट पाठांतर देणार आहे.

११ फेब्रुवारी

उद्या. सूक्ष्मदर्शक पुसला. तक्ते टांगले. व्हरांड्यात ऊन सकाळी आठ ते दुपारी साडेबारापर्यंत असतं, आणि साहेब साडेअकराला येणार आहेत, म्हणजे तेवढं तरी सुरळीत आहे.

१२ फेब्रुवारी

कुठून सुरुवात करू? आधी हे लिहिते की मी आज वर्गात रडले, आणि साहेबांसमोर रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

साहेब साडेअकराला आले नाहीत. आधीच्या शाळेने त्यांना सागोती-वड्यांच्या जेवणाला ठेवून घेतलं. सागोती-वडे पुढ्यात आल्यावर आमच्या मुलखातून कोण उठतं? ते आले चारला, हेडसरांच्या खोलीत दप्तर बघत बसले, आणि माझ्या वर्गात शिरले तेव्हा साडेपाच होत आले होते. व्हरांड्यातलं ऊन केव्हाच गेलेलं, मागच्या अंगणात माडांची सावली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि म्हणाले, "अंधार आहे, बाई."

अंधार होता. मी आरसा इकडून तिकडे फिरवला, तरी अंधारच.

मग ते तक्त्यांकडे वळले. पहिल्या चित्रापुढे बराच वेळ थांबले. मला वाटलं, रंग बघताहेत. ते म्हणाले, "वनस्पतिपेशी. भिंत आहे, जीवरस आहे. यात केंद्रक कुठे आहे?"

मी बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं. सगळ्या तक्त्यांत मिळून एकही केंद्रक नव्हतं. डोळे नको म्हणून मी केंद्रकंच झाकली होती, एकेचाळीसच्या एकेचाळीस. दीड महिना ते तक्ते माझ्यासमोर होते आणि माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. हेडसर भिंतीवरच्या पालीकडे बघायला लागले.

तेवढ्यात शेवंती उठली. कोपऱ्यातल्या तांब्यात बोटं बुडवली, चित्रापाशी गेली, पांढरा कागद ओला केला आणि हलक्या हाताने सोलला. कांद्याचा पापुद्रा सोलायला मी शिकवला होता, अगदी तसा.

डोळा साहेबांकडे बघायला लागला.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

शेवंतीने हात जोडले, एक पाय मागे घेतला आणि वर सूर लावून सुरू केलं,

"चार भितींचा घर, मधी पाण्याचो गोळो,
कडेक बसान जागता ह्यो डोळो."

आणि माझी सगळी नववी एका आवाजात म्हणाली, "मगे काय झाला?"

तेव्हा मला कळलं. पिंपळाखालची कथा, राधाबाईंचा कांदा, ते प्रश्न, वैरी कोण आणि दुखली की काय करते, चार सुरांत म्हटलेलं ते वाक्य, सगळं एकदम कळलं. काकांनी माझ्या पेशीचीच कथा बांधली होती. मी जाऊन मागच्या बाकावर बसले.

साहेबांनी हात वर करून तिला थांबवलं. गाणं पाठ करता येतं, हे त्यांनाही माहीत असणार. त्यांनी बाळाला उठवलं. "प्राण्याच्या पेशीला भिंत का नाही?"

पापण्यांचं शेवाळ काढणारा बाळा एका पायावर उभा राहून म्हणाला, "भित असती तर धावतलो कसो, साहेब? झाडाक उभा ऱ्हवाचा असता, तेका भित व्हयी." मग घाईघाईने शुद्धीवर येऊन, "झाडाला आधारासाठी भिंत लागते."

साहेब खाडीच्या चित्राकडे गेले. "या अन्नसाखळीतली शेवटची कडी कोणती?"

"शेवटची नाय," सगळा वर्ग ओरडला, "ह्यो फेर आसा."

मग साहेब विभाजनाच्या चित्रापुढे उभे राहिले आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "एका पेशीच्या दोन झाल्या. मग मूळची पेशी मेली म्हणायची का?"

शेवंतीने दोन्ही कागद सोलले. "नाही, साहेब. आवस मरना नाय. दोगींत वाटान जाता. माझ्यात माझी आई आहे, आईत आजी आहे. पहिल्यापासून कोणी मेलेलंच नाही."

हे शेवटचं मी शिकवलेलं नव्हतं आणि कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे कागद कुणी चिकटवले?"

"मी," मी उभी राहिले. "तुम्ही हसाल म्हणून."

ते हसलेच. पोट हलेपर्यंत हसले. म्हणाले, "काढा सगळे." मग तांब्यावर झुंबड उडाली, पाणी सांडलं, पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढली आणि एकामागून एक डोळे उघडायला लागले. त्या गोंधळात दाराकडे लक्ष गेलं तर धोंडूकाका उंबऱ्याबाहेर उभे, काखेत वीणा. मुलांनी सांगून ठेवलं होतं, पण आत यायला त्यांचं पाऊल उचलत नव्हतं. मी गेले, हात धरून त्यांना आत आणलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "साहेब, ही चित्रं यांची. हे बरोबर होते. चूक माझी होती." तेव्हा मी रडले. काका म्हणाले, "रडा नको, बाय. पोरां बघतत."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि उभ्या उभ्याच वहीत काहीतरी लिहिलं. काय ते दाखवलं नाही. पण जाताना ते जीभ गालात फिरवत होते, हे मी बघितलं.

१० मार्च

पत्र आलं. वर्ग कायम. शेरा आहे, 'विद्यार्थ्यांचे आकलन असाधारण. तक्ते जसे आहेत तसेच ठेवावेत.' हेडसरांनी हे वाचताना पुन्हा माझ्याकडे बघितलं, पण या वेळी नजर निराळी होती. शेवंतीने बातमी ऐकली आणि घराकडे जी धूम ठोकली, ती दप्तर बाकावर विसरून.

भाईंना कार्ड टाकलं: वैशाखात लग्नाला येत नाही, मे महिन्यात सुट्टीला येते. मुंबईच्या स्थळाचा फोटो परत पाठवून द्या, उगाच बिचारा अडकून पडायला नको.

१५ मार्च, रविवार

नारळ आणि चहाची पुडी घेऊन पिंगुळीला गेले. अर्धा राहिलेला चहा पुरा करायला आलेय, असं म्हटलं. धोंडूकाकांनी आधी मला चूल पेटवायला लावली, मग हसले. माड्याच्या आणि कुडाळच्या शाळांची माणसं येऊन गेली म्हणाले. दोन्ही शाळांना चित्रं हवीत आणि कथाही. त्यांचा मुलगा आता वीणेवर साथीला बसतोय.

मग त्यांनी आतून एक नवं चित्र आणलं. नारळाच्या कोवळ्या पात्याची पेशी, पूर्ण रंगवलेली, भिंत, हिरवे दाणे, पाणी. फक्त डोळा नव्हता. माझा नारळ त्यांनी उंबऱ्यावर फोडला, पाणी शिंपडलं आणि कुंचला माझ्या हातात दिला.

"माका येना नाय, काकानू."

"बघलंस मां तुया? मगे येता." पहिल्यांदाच त्यांनी मला अगंतुगं केलं, आणि मला ते फार आवडलं.

मी कुंचला टेकवला. आनंदाच्या भरात मी तो इतक्या घाईने फिरवला की मधोमध घालायचा तो डोळा घसरून पार भिंतीला जाऊन चिकटला. मी जीभ चावली आणि पुसायला फडकं उचललं.

काकांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हवांदे. झाडाची पेशी ती. कडेकच असता. तूच नाय शिकवलंस?"